फॅन असावा तर असा!

आवडत्या सीरिजचे डायलॉग तुम्हाला पाठ असतील. मार्क ऑल्टमननं त्यापलीकडची मजल मारलीय. 'कॅसल', 'द लायब्रेरियन्स' या अमेरिकी मालिकांचा हा लेखक-निर्माता. २०१६ मध्ये 'स्टार ट्रेक'ला ५० वर्षं झाली, तेव्हा त्यानं एडवर्ड ग्रॉससोबत 'द फिफ्टी-इयर मिशन'चे दोन खंड आणले. यात नट, लेखक, निर्माते स्वतःच बोलतात. एकाचं म्हणणं दुसरा खोडून काढतो, खरं कोण ते तुम्ही ठरवायचं! भांडणंही झाकलेली नाहीत, म्हणून तर मजा. पण मूळ मालिका १९६६ ची. तिची माणसं एकेक करून जाताहेत. स्पॉक साकारणारे लिओनार्ड निमॉय २०१५ मध्येच गेले. नंतर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', 'स्टार वॉर्स'वरही या जोडीनं असंच काम केलं. खंड जाडजूड आहेत. पहिल्या २५ वर्षांपासून सुरुवात करा.