कडीत कडी

सोनाराच्या दुकानात काचेच्या पेटीत टांगलेली चांदीची साखळी दुरून पाहिली, तर ती रेशमाच्या दोरीसारखी दिसते. हातात घेतली, की बोटांवरून अलगद ओघळते. परंतु तीच डोळ्यांजवळ धरून नीट न्याहाळली म्हणजे कळून येते, की तेथे दोरीही नाही आणि धागाही नाही. आहेत त्या केवळ लहान लहान कड्या. धातू हा ताठ पदार्थ. पण कड्यांच्या रूपाने तो कापडासारखा लवू लागतो. यातील प्रत्येक कडी स्वतः ताठच असते. हालचाल होते ती दोन कड्यांमधल्या मोकळ्या जागेत. म्हणून साखळी करणाऱ्या कारागिराला धातूइतकीच त्या मोकळ्या जागेचीही काळजी घ्यावी लागते.

ही कला फार प्राचीन आहे. इराकमधील उर या जुन्या नगराचे उत्खनन सर लेनर्ड वुली यांनी इ. स. १९२२ ते १९३४ या काळात केले. तेथील राजघराण्याच्या थडग्यांत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे सोन्याचे दागिने सापडले व त्यांत साखळ्याही होत्या. त्या काळच्या सोनाराची रीत निराळी होती. तारेचे वेटोळे करून त्याची टोके तो आगीत सांधून टाकी. मग ते अखंड वेटोळे दाबून लांबट करी, मध्ये वाकवी आणि त्याच्या दोन्ही कानांतून पुढचे वेटोळे ओवी. अशा साखळीतील एकही कडी नंतर उघडत नाही.

दुसरी रीत याच्या उलट आहे. तीत कडी आगीत न घालता थंड असतानाच उघडावयाची, शेजारच्या कड्यांत गुंतवावयाची आणि पुन्हा मिटवावयाची असते. ही रीत दागिन्यांकडे आली ती रणांगणावरून. लोखंडी कड्यांचे चिलखत युरोपातील केल्ट लोकांना इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास ठाऊक होते. त्यांच्यापासून ते रोमन सैनिकांनी घेतले. पुढे इराण, तुर्कस्थान, हिंदुस्थान अशा अनेक देशांत चिलखते होऊ लागली. चिलखताच्या विणीत बहुधा एका कडीत चार शेजारच्या कड्या अडकलेल्या असत. नुसत्या मिटवलेल्या कडीवर मात्र लोहार विसंबत नसे. तारेची टोके एकमेकांवर चढवून तो ठोकून चपटी करी, त्यांना बारीक भोक पाडी आणि त्यात खिळा ठोकून कडी कायमची बंद करी. हजारो कड्यांपैकी एखादी उसवली, तरी नेमक्या त्याच ठिकाणी कट्यारीचे टोक शिरण्याची भीती! १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने शिवाजी महाराजांना मिठीत धरून वार केला, तेव्हा अंगरख्याखालच्या चिलखतानेच तो अडवला, असे बखरकार सांगतात.

लढाईतील चिलखत मागे पडले, परंतु त्याची वीण टिकून राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील हौशी कारागिरांनी तीच वीण चांदीच्या, तांब्याच्या व पितळेच्या नाजूक कड्यांत उतरवली आणि तिच्यातून गळ्यातल्या व मनगटातल्या साखळ्या घडवल्या.

या कामाचा प्रारंभ तारेपासून होतो. चांदीची कांब ठोकून तिचे टोक निमुळते करतात आणि ते जंतरातून ओढतात. जंतर म्हणजे ओळीने लहान होत जाणारी भोके पाडलेली पोलादी पट्टी. मोठ्या भोकातून ओढलेली तार मग त्याहून लहान भोकातून, पुढे आणखी लहान भोकातून ओढावयाची. असे करता करता ती बारीक व लांब होते, पण तितकीच कडकही होत जाते. फार कडक झालेली तार मोडेल म्हणून तिला अधूनमधून तापवून मऊ करावे लागते. शुद्ध चांदी फारच मऊ असल्याने दागिन्यांसाठी तीत थोडे तांबे मिसळतात. शंभर भागांत साडेब्याण्णव भाग चांदी हे प्रमाण जगभर मान्यता पावलेले आहे.

नंतर ही तार पोलादी सळईवर, एका वेढ्याला दुसरा वेढा चिकटून बसेल अशी, गुंडाळतात. सळईवरून उतरवलेली ती गुंडाळी स्प्रिंगसारखी दिसते. बारीक करवतीने ती उभी कापली, की एकेक वेढा सुटा होऊन कडी हाती येते. कात्रीने कापणे सोपे खरे. पण कात्रीने तारेचे टोक चिमटले जाऊन टोकदार होते आणि दोन टोकदार शेवट एकमेकांना कधीच नीट टेकत नाहीत. करवतीने कापलेले टोक सपाट राहते. येथे वाचवलेली दहा मिनिटे पुढे साखळीभर दिसत राहतात, म्हणून चांगला कारागीर कात्रीला हात लावत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो. कडी केवढी असावी? याचे उत्तर नुसत्या मिलिमीटरांत देता येत नाही. कडीच्या आतल्या व्यासाला तारेच्या जाडीने भागले असता जो आकडा येतो, त्यावर साखळीचे सारे रूप अवलंबून असते. १ मिलिमीटर जाडीच्या तारेची, ३.५ मिलिमीटर आतल्या व्यासाची कडी घेतली, तर हे प्रमाण साडेतीन झाले. २ मिलिमीटर तारेची, ७ मिलिमीटर व्यासाची कडी घेतली, तरी प्रमाण साडेतीनच. दुसरी साखळी दुप्पट जाड होईल, पण तिची वीण पहिलीसारखीच दिसेल. उलट, व्यास ३.५ मिलिमीटरच ठेवून तार मात्र दीड मिलिमीटर जाडीची घेतली, तर काम अडते. ज्या विणीत एका कडीतून चार कड्या जातात, तेथे चार तारा एकाच भोकात मावल्या पाहिजेत. दीड मिलिमीटर जाडीच्या चार तारा एकमेकींना चिकटवून चौकोनी रचल्या, तरी त्यांना सुमारे ३.६ मिलिमीटर व्यासाचे भोक लागते. कडी आहे साडेतीनची! मग कितीही जोर लावला तरी चौथी तार आत शिरावयाची नाही. याच्या उलट, बारीक तारेच्या मोठमोठ्या कड्या घेतल्या, तर वीण सैल पडून साखळी नुसती लोंबत राहते.

या हिशोबात एक खोडही आहे. सळईवरून उतरवलेली गुंडाळी किंचित उलगडते, त्यामुळे कडीचा व्यास सळईपेक्षा थोडा अधिक भरतो. कडक तार जास्त उलगडते, मऊ तार कमी. म्हणून आधी पाच-दहा कड्या करून त्यांची वीण पाहिल्यावाचून सगळी तार कोणी गुंडाळत नाही. १ मिलिमीटर तारेच्या व ३.५ मिलिमीटर व्यासाच्या एका कडीला सुमारे १४ मिलिमीटर तार लागते. एक मीटर तारेतून सत्तरच्या जवळपास कड्या निघतात. करवतीच्या भुग्यात जाईल तेवढी एखाद-दुसरी कमी.

याच प्रमाणाच्या कड्यांची एक सुंदर साखळी आहे. तिला बायझंटाईन साखळी म्हणतात. नाव भारदस्त असले, तरी तिची युक्ती साधी आहे. आधी दोन कड्यांत दोन आणि त्यांत पुन्हा दोन, अशा तीन जोड्या ओवावयाच्या. मग शेवटच्या जोडीतील एक कडी डावीकडे व एक उजवीकडे, अशा उलट्या दुमडून मधल्या जोडीच्या अंगाला लावावयाच्या. मधली जोडी हळूच फाकवली, की दुमडलेल्या कड्यांच्या कडा तिच्या फटीत डोकावतात. त्या कडांमधून नवी जोडी ओवली म्हणजे दुमड पक्की होते. ती पुन्हा उलगडू शकत नाही. नव्या जोडीला आणखी दोन जोड्या जोडून हीच क्रिया पुढे चालू ठेवावयाची. पाहता पाहता गोल कड्यांमधून चौकोनी, वेणीसारखी साखळी आकाराला येते आणि कड्या कोठे सुरू होतात, कोठे संपतात, हे परक्याला चटकन ओळखता येत नाही.

कडी उघडण्याची व मिटवण्याची रीत नवशिक्याने प्रथम शिकावी. कडीची टोके डावी-उजवीकडे ताणून उघडली, तर तिचा गोल आकार बिघडतो आणि मग तो काही केल्या परत येत नाही. दोन पकडींनी कडी दोन्ही बाजूंनी धरावी, एक टोक आपल्याकडे व दुसरे पलीकडे वळवावे. गोल आहे तसा राहून दार उघडावे तशी कडी उघडते. मिटवताना टोके एकमेकांच्या किंचित पुढे नेऊन मागे आणावीत आणि त्याच वेळी आतल्या बाजूला दाबावीत. टोके बरोबर टेकली, की पकडीला बारीकसा खरखरीत स्पर्श जाणवतो. एकच कडी पुनःपुन्हा उघडमीट करू नये; प्रत्येक वळणाबरोबर धातू कडक होत जातो व शेवटी मोडतो.

सोनार आपल्या नेहमीच्या साखळीच्या कड्यांना टाकणखार लावून डाख देतो आणि फुंकणीने ज्योत मारून सांधा बंद करतो. दाट विणीच्या साखळीत हे कठीण असते, कारण वितळलेला डाख शेजारच्या कडीवर पसरला, की त्या दोन्ही जागच्या जागी जखडून साखळीचा लवचिकपणा जातो. तेथे सारी भिस्त नीट मिटवलेल्या टोकांवरच राहते. केसाएवढी फट राहिली, तरी तीतून शेजारची कडी एक दिवस निसटते आणि साखळीला अडकवलेले पदक कोठे पडले, याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तयार झालेली साखळी मलमलीच्या फडक्यावरून हळूहळू ओढतात. जेथे फट असेल तेथे सूत अडकते; मग ती कडी शोधून पुन्हा मिटवावयाची.

आज यंत्रे झपाट्याने साखळ्या तयार करतात. तरी पैंजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या ठिकाणी चांदीच्या कामात माणसाच्या बोटांना अजून स्थान आहे. हातांनी विणलेल्या साखळीची दुरुस्तीही सोपी असते. साखळी बहुधा फाशाजवळ झिजते, कारण ओढ आणि घर्षण तेथेच अधिक. तेथली झिजलेली कडी कापून काढावयाची आणि त्याच मापाची नवी कडी तिच्या जागी ओवून मिटवावयाची. त्यासाठीच हुशार कारागीर प्रत्येक साखळीच्या पाच-सहा जादा कड्या पुडीत बांधून, वर तारेची जाडी व सळईचे माप लिहून, जपून ठेवतो.