सैल पडायलाही ताकद लागते

जीव गेल्यावर शरीर आधी सैल पडतं, पण काही तासांतच जबडा, मान, हातपाय ताठरत जातात. या ताठरपणाचं कारण कळलं की ‘निवांत असणं’ म्हणजे नेमकं काय, हेही कळायला लागतं.

स्नायूच्या पेशीत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू असतात. मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडून ओढतात, तेव्हा स्नायू आखडतो. ही पकड सुटायला एटीपी हे पेशीचं इंधन लागतं. आखडण्याचा इशारा देणारं कॅल्शियम परत त्याच्या कोठारात भरायलाही एटीपीच खर्च होतं. मृत्यूनंतर हे इंधन संपतं आणि धरलेली पकड तशीच राहते. म्हणजे सैल होणं हे शरीराचं कामच आहे आणि त्यासाठी ते ऊर्जा मोजतं.

हृदयाचंही तसंच. तरुण निरोगी माणसाचं हृदय स्वतःच्या लयीवर सोडलं, तर मिनिटाला शंभरेक ठोके देईल. बसल्या जागी ते सत्तरच्या आसपास राहतात, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस ही नस त्याला सतत आवरत असते. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस उद्दीपित केली, ठोके मंदावले. त्या हृदयातला द्राव त्यांनी दुसऱ्या हृदयात घातला, तर तेही मंदावलं! द्रावातलं ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळालं. व्हेगसचा हा आवर श्वास सोडताना वाढतो, घेताना कमी होतो. बहुधा म्हणूनच संथ, लांब उच्छ्वासाने जिवाला बरं वाटतं.

मनावरचा ताण स्नायूंपर्यंत कसा पोचतो, हे अमेरिकी वैद्य एडमंड जेकबसन यांनी मोजून पाहिलं. हात न हलवता, तो वाकवत असल्याची नुसती कल्पना केली, तरी दंडाच्या स्नायूत सूक्ष्म विद्युतप्रवाह उमटतो, असं त्यांना आढळलं. स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा आणि दोन्हींतला फरक ओळखायचा, ही त्यांची पद्धत. तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ मध्ये आलं.

आपल्याकडे शरीर सैल सोडण्याच्या परिणामाचं शास्त्रीय मोजमाप मुंबईत झालं. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधाची मात्राही कमी करता आली. अभ्यास लहान होता, आणि त्याच्या भरवशावर कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. पण त्यातली एक गोष्ट फार मोलाची आहे: या रुग्णांना शवासन शिकवावं लागलं, आणि त्यांनी ते रोज केलं.

योगवर्गात शेवटच्या शवासनाला चटई गुंडाळून निघणारे पुष्कळ दिसतात. आसनं झाली, आता नुसतं पडायचंच तर आहे, असं त्यांना वाटतं. त्यांनी थांबावं. पावलांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू सोडत जाणं हा त्या तासातला सर्वांत अवघड धडा आहे, आणि इतर आसनांसारखाच तो सरावानेच जमतो.