दुकान आपलें, जागा कोणाची?

कुणकेश्वरास देवदर्शनास व समुद्रस्नानास येणारे लोक पुष्कळ. पण हापूसच्या पेट्या ठरविणारे पाहुणे आतां बहुधा प्रत्यक्ष येत नाहींत. ते मुंबईस, पुण्यास किंवा परदेशीं बसून संकेतस्थळावरून आंबा मागवितात. त्यामुळें बागाइतदारांच्या आणि यात्रेकरूंस खोल्या देणाऱ्यांच्या घरांतून एक नवाच प्रश्न निघूं लागला आहे: धंद्याचें संकेतस्थळ घरच्या यंत्रावर ठेवावें, कीं परक्याच्या जागेंत भाड्यानें?

एकत्र कुटुंबांत अशा प्रश्नास उत्तरें देणारे पुष्कळ. वडील मंडळी म्हणणार, भाड्याच्या जागेंत दुकान मांडणें ही पराधीनता. इंजिनियर झालेला पुतण्या म्हणणार, जुना संगणक माळ्यावर चालूं ठेवला कीं वर्षाचें भाडें वांचलें. दोघांचेंही म्हणणें सर्वस्वी टाकाऊ नाहीं. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं जिनेव्हानजीक सर्न या संस्थेंत जगांतील पहिलें संकेतस्थळ उभारलें, तें आपल्या कामाच्या संगणकावरच! कोणी तो चुकून बंद करूं नये म्हणून त्यावर तशी चिठ्ठी हातानें लिहून चिकटविलेली होती. आमच्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म त्या चिठ्ठींत आहे. ज्या यंत्रावर संकेतस्थळ असतें तो सर्व्हर रात्रंदिवस जागा असावा लागतो. अमेरिकेंतील गिऱ्हाईक आपल्या मध्यरात्रींच पेटी मागवितें.

आतां कुणकेश्वरीं यंत्र असें जागें कसें ठेवावें? मे २०२१ मध्यें, ऐन आंब्याच्या हंगामांत, तौक्ते वादळ आलें. विजेचे खांब पडले, आणि सिंधुदुर्गांतील कित्येक गांवीं दिवसचे दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टर कांहीं तास तग धरील, पण रस्त्याकडेची फायबरची तार तुटल्यावर तो तरी काय करणार? खारी हवा खिडकीच्या गजांस सोडीत नाहीं, ती यंत्राच्या पंख्यास सोडील काय? शिवाय घरगुती जोडणीस इंटरनेटवरील स्थिर पत्ता बहुधा मिळत नाहीं. तो बदलत राहतो, किंवा अनेक घरांस मिळून एकच असतो. घराचा क्रमांक रोज बदलूं लागला तर पोस्टमननें पत्र द्यावें कोठें? स्थिर पत्त्यास निराळे पैसे पडतात, म्हणजे वांचलेलें भाडें तेथेंच गेलें. आणि चोरांचें काय? उघड्या यंत्रांचीं दारें चाचपीत फिरणाऱ्या आज्ञावल्या जगभर अहोरात्र हिंडत असतात. त्यांस अडविण्यासाठीं वेळोवेळीं दुरुस्त्या घालणें हें नित्याचें काम आहे. पुतण्या बंगलोरास नोकरीस गेल्यावर तें कोणी करावयाचें?

तेव्हां भाड्याची जागाच बरी, असें आम्हांस वाटतें. मात्र वडिलांची शंका खोटी नव्हे. जिओसिटीज या सेवेवर लक्षावधि लोकांनीं फुकट जागा घेऊन पानें मांडलीं होतीं. याहू कंपनीनें २००९ सालीं तिचें अमेरिकेंतील दुकानच उठविलें. पैसे भरून घेतलेली जागाही अभंग नसते. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समध्यें स्ट्रासबूर्ग येथें ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरांच्या इमारतीस आग लागून कित्येक धंद्यांचा मजकूर कायमचा गेला. ज्यांनीं दुसरी प्रत त्याच आवारांत ठेविली होती, त्यांची तीही गेली.

परंतु यंत्र कोणाचें यापेक्षां नांव कोणाचें, हा प्रश्न आम्ही मोठा मानतों. संकेतस्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, जागेहून अगदीं निराळें असतें. तें आपल्या हातीं असलें, तर मालक वाईट निघतांच माल उचलून दुसरीकडे न्यावा आणि नांव तिकडे वळवावें; गिऱ्हाइकास पत्ताही लागत नाहीं. आपल्याकडे घोटाळा होतो तो येथेंच. संकेतस्थळ बांधून देणारा कारागीर पुष्कळदां नांव स्वतःच्याच खात्यावर नोंदवितो. पुढें देण्याघेण्यावरून बिनसलें, कीं आजोबांच्या वेळेपासून पेट्यांवर छापलेलें घराण्याचें नांव परक्याच्या मुठींत! मग घरचा सर्व्हर असून तरी काय उपयोग? आणि जे केवळ फेसबुकावर पान उघडून स्वस्थ बसतात, त्यांजपाशीं धड नांवही नसतें व जागाही नसते. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी शेवट असलेलीं नांवेंही मिळूं लागलीं आहेत. तें आपल्या इंग्रजी नांवाच्या जोडीस घ्यावें, पण नोंद कुटुंबाच्या किंवा पेढीच्याच नांवें करावी.

माळ्यावरच्या संगणकासही काम आहेच: गिऱ्हाइकांची यादी, छायाचित्रें, हिशेब यांची प्रत दर आठवड्यास त्यावर उतरवून घ्यावी. जागा बदलणें असेल तर श्रावणांत बदलावी, चैत्र-वैशाखांत नव्हे. आणि डोमेनचें नांवही मुदतीनेंच मिळतें. मुदत टळली तर तें दुसरा कोणी घेऊं शकतो. म्हणून त्या नोंदणीस जोडलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. नाहीं तर नांव बंद पडतांच तें सोडविण्याचें पत्रही येईनासें होतें. नूतनीकरणाची तारीख घरपट्टीच्या तारखेशेजारीं, स्वयंपाकघरांतील कालनिर्णयावर, लाल शाईनें लिहून ठेवावी.