प्रिंटरच्या आज्ञा : टॅब आणि अक्षरवळण

एप्सन कंपनीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांच्या ‘ईएससी/पी’ या आज्ञासंचात छपाईच्या आज्ञा मजकुराबरोबरच पाठवल्या जातात. त्यांपैकी बहुतेकींच्या आरंभी ‘एस्केप’ हा २७ क्रमांकाचा, कागदावर न उमटणारा संकेत असतो आणि त्यामागून येणारा संकेत छापायचा नसून पाळायचा आहे, हे प्रिंटरला त्यावरून कळते.

टॅब : ओळीत छपाई जेथे थेट नेता येते, अशा पूर्वनिश्चित जागांना टॅब म्हणतात. २७, ६८, १०, ३०, ४५, ० हे संकेत क्रमाने पाठवल्यास तीन टॅब निश्चित होतात; स्तंभांचे आकडे चढत्या क्रमाने द्यावे लागतात आणि शेवटचे शून्य यादी संपल्याचे दर्शवते. पुढे ९ हा संकेत येताच छपाई पुढच्या टॅबवर सरकते, त्यामुळे बिलातील तपशील, नग व दर यांचे रकाने प्रत्येक ओळीत एकाच जागी सुरू होतात.

अक्षरवळण : २७, ६९ या जोडीने ठळक छपाई सुरू होते व २७, ७० ने थांबते, २७, ८० ने एका इंचात १० आणि २७, ७७ ने १२ अक्षरे बसतात, तर १५ हा एकटा संकेत अक्षरे आणखी अरुंद करतो व १८ ती पूर्ववत करतो.

क्रम : टॅबची जागा त्या वेळच्या अक्षररुंदीवरून मोजली जात असल्याने प्रथम २७, ६४ ने प्रिंटर मूळ स्थितीत आणावा, नंतर रुंदी ठरवावी आणि मगच टॅब लावावेत, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.