अंगावर खूण नसली तरी

“ताई, पोरीच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. मग डॉक्टर काय शोधणार?” जोगेश्वरीच्या वस्तीत एका आईने मला विचारलं. नवरा म्हणत होता, गप्प बस, बदनामी होईल.

मैत्रिणींनो, अत्याचार झालेल्या बऱ्याच मुलांच्या तपासणीत काहीही सापडत नाही. लहानांच्या जखमा लवकर भरतात, काही प्रकारांत जखम होतच नाही. म्हणजे मूल खोटं बोलतं असं नव्हे! ते डॉक्टरांना काय सांगतं, याचीही नोंद होते आणि ती कोर्टात उपयोगी पडते.

आमच्याच ओशिवरा प्रसूतिगृहात २००८ मध्ये ‘सेहत’ संस्थेने पालिकेबरोबर अशा तपासणीची आणि आधाराची नीट पद्धत सुरू केली. पुढे २०१२ चा पॉक्सो कायदा आला. त्यानुसार तक्रार नोंदवण्याआधीही तपासणी होते. मुलीला बाई डॉक्टरच तपासतात, आई जवळ थांबू शकते. “आधी पोलिसांचं पत्र आणा” असं रुग्णालयाला म्हणता येत नाही. उपचार फुकट. पोलिसांना मात्र रुग्णालय कळवतंच, तो कायदाच आहे.

मुलाला आंघोळ घालू नका, कपडे न धुता कागदात गुंडाळून न्या. आणि लगेच निघा, कारण एचआयव्ही टाळणारं औषध ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं.