आठ मिनिटांची मुलाखत आणि मावळचा गोठा
मावळातील आंबीसारख्या गावातून पशुवैद्यक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात मुलाखत द्यावी लागत नाही. ‘नीट’च्या ७२० पैकी गुण, आरक्षण आणि पसंतीक्रम यांवर त्याचा प्रवेश ठरतो, मग महाविद्यालय १८८६ मध्ये स्थापन झालेले परळचे असो वा शिरवळचे. उमेदवार जनावराच्या मालकाशी कसा बोलतो, हे त्यामुळे बहुधा अभ्यासक्रमाच्या अखेरीस, वर्षभराच्या आंतरवासितेतच उघड होते.

लंडनचे रॉयल व्हेटरनरी कॉलेज किंवा कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठ मात्र हे आधीच पाहते. त्यासाठीची ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’ ही पद्धत, म्हणजे छोट्या मुलाखतींची साखळी, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशासाठी घडली आणि २००४ मध्ये शोधनिबंधातून मांडली गेली. दहा थांबे, प्रत्येकी आठ मिनिटे आणि मध्ये प्रश्न वाचायला दोन मिनिटे, अशी तिची मूळ रचना होती. थांबागणिक परीक्षक बदलत असल्याने एकाच्या मर्जीवर निकाल अवलंबून राहत नाही, आणि एके ठिकाणी गडबडलेला उमेदवार पुढे सावरू शकतो.

तिकडे अर्ज करू पाहणाऱ्याला अशा मुलाखतीची शिदोरी मावळात मुबलक आहे. इथल्या जत्रांतल्या बैलगाडा शर्यतींचेच पाहा: त्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या वादात बैलाची वेदना, मालकाची हौस, जत्रेची परंपरा आणि कायदा यांना वेगवेगळे तोलून आपले मत मांडणे, ही नैतिक प्रश्नाच्या थांब्याची उत्तम तालीम ठरते. नुसता अभिमान किंवा नुसता धिक्कार तिथे अपुरा पडतो.

संवादाच्या थांब्यावर एखादा नट शेतकऱ्याच्या भूमिकेत असतो. समजा, त्याच्या गायीला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली आहे, प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिलेले आहे आणि तरी दूध डेअरीला घालू द्यावे असा त्याचा हट्ट आहे. औषधाचा अंश दुधात उतरतो, म्हणून ठरावीक काळ ते विकता येत नाही. त्या माणसाचा बुडणारा दुधाचा पगार समजून घेऊनही नकार कसा दिला जातो, हे परीक्षक पाहतो. पाठ केलेली नमुना-उत्तरे येथे पहिल्याच उपप्रश्नाला कोसळतात. त्यापेक्षा घड्याळ लावून, दर वेळी नव्या माणसासमोर, शक्यतो स्वतः जनावरे सांभाळणाऱ्यासमोर मोठ्याने बोलण्याचा सराव उपयोगी पडतो, कारण धार काढणारा माणूस पुस्तकी उत्तर ऐकून मान डोलावत नाही. तो लगेच विचारतो, ‘मग हे दूध ओतायचं कुठं?’