राष्ट्राचे दालन आणि कथेचा अधिकार

राष्ट्राची प्रतिमा केवळ वाङ्मयेतिहासात किंवा वस्तुसंग्रहालयात घडते असे नाही. ती मनोरंजन-उद्यानातही घडते. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील एपकॉट या डिस्नी कंपनीच्या उद्यानात एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने मांडलेली आहेत. १९८२ साली ती नऊ होती; १९८४ मध्ये मोरोक्कोचे व १९८८ मध्ये नॉर्वेचे दालन त्यांत आले. यांपैकी नॉर्वेच्या दालनात राष्ट्राच्या कथेची जागा पुढे एका चित्रपटाच्या कथेने घेतली. सत्याच्या जागी असत्य आले, एवढाच या स्थित्यंतराचा अर्थ आहे काय, हे येथे पाहावयाचे आहे.

नॉर्वेतील कंपन्यांचे भांडवल व तेथील शासनाचे साहाय्य यांतून हे दालन उभे राहिले. ऑस्लोच्या आकेर्सहुस किल्ल्याच्या धर्तीची वास्तू आणि गोल येथील मध्ययुगीन लाकडी चर्चवरून बेतलेले लहानसे चर्च ही त्याची ठळक अंगे. मुख्य आकर्षण होते ‘मेलस्ट्रॉम’ हा नौकाप्रवास. व्हायकिंगांची वस्ती, तीन शिरांचा ट्रोल राक्षस, त्याच्या मंत्राने उलटी फिरणारी नाव आणि शेवटी वादळात सापडलेला उत्तर समुद्रातील तेलविहिरीचा मंच, असा त्याचा क्रम होता. प्रवास संपल्यावर नॉर्वेविषयीचा एक लघुपट दाखविला जाई. पुराणकथेपासून खनिज तेलापर्यंतचा हा आलेख राष्ट्राने स्वतःविषयी सांगावयाच्या कथेचा होता.

परंतु ही कथा तरी निर्भेळ स्वदेशी होती असे म्हणता येत नाही. ‘मेलस्ट्रॉम’ हा शब्द मुळात डच. त्याचा अर्थ भरडणारा प्रवाह. लोफोतेन बेटांजवळच्या ज्या भोवऱ्याला तो लागू झाला, त्याचे स्थानिक नाव मोस्कस्ट्राउमेन. जगभरच्या वाचकांच्या मनात तो भोवरा रुजविला तो एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या १८४१ मधील कथेने. आणि पो नॉर्वेला कधी गेलेलाच नव्हता. ट्रोलचेही तसेच. त्याची आजची ओळख आस्ब्यर्नसेन व मो यांनी १८४१ पासून प्रसिद्ध केलेल्या लोककथासंग्रहांनी आणि पुढे थेओडोर किटेलसेनसारख्या चित्रकारांनी घडविली. त्या वेळी नॉर्वेची लेखनभाषा डॅनिशच होती; संग्राहकांनी तिच्यात बोलीचे शब्द व वळणे आणली. म्हणजे जे ‘मूळ’ म्हणून दाखविले जात होते, तेही संस्कारित व भाषांतरितच होते.

२०१३ मध्ये डिस्नीचा ‘फ्रोझन’ हा चित्रपट आला. त्याच वर्षी दालनातील चर्चमध्ये नॉर्वेची संस्कृती ही त्या चित्रपटाची प्रेरणा आहे, अशा मांडणीचे प्रदर्शन भरले. येथेच नाते उलटले. ज्या संस्कृतीचे दालन होते, ती चित्रपटाची आधारसामग्री ठरली. नॉर्वेकडून मिळणारे अर्थसाहाय्य तोवर थांबलेले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘मेलस्ट्रॉम’ बंद झाला आणि जून २०१६ पासून त्याच जलमार्गावरून नावा ‘फ्रोझन’च्या कल्पित राज्यात जाऊ लागल्या.

या चित्रपटाची प्रेरणा म्हणजे हान्स क्रिस्टियन अँडरसनची १८४४ मधील ‘हिमराणी’ ही डॅनिश कथा. चारेक शतके डेन्मार्कशी जोडलेल्या व १८१४ मध्ये त्यापासून विलग झालेल्या देशाच्या दालनात डॅनिश कथेवर आधारलेला अमेरिकन चित्रपट यावा, यातील उपरोध उघड आहे. पण अँडरसनची हिमराणी राहते ती स्पिट्सबर्गेनवर, आणि ते बेट आज नॉर्वेच्याच अधिकाराखाली आहे. कथा सीमा ओलांडतात. त्यात दोष नाही. दोष निराळ्या ठिकाणी आहे. पूर्वीच्या कथेबद्दल जाब विचारता येईल असे कोणी नॉर्वेत होते. निवड चुकली तर नॉर्वेचेच लोक ती आपली चूक मानून वाद घालू शकत होते. नव्या कथेचे उत्तरदायित्व कल्पित राज्याकडे गेले आहे, आणि कल्पित राज्याशी वाद घालता येत नाही.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका नाही. आपणही प्रत्येक भाषेला एकेक दालन देतो आणि तिच्या दारी ठरावीक प्रतिनिधी उभे करतो. तंजावरच्या भोसले दरबारात मराठी आणि तेलुगू नाटके एकाच आश्रयाखाली लिहिली गेली; ती कोणत्या दालनात ठेवावयाची? दालने मोडावीत असे सुचवावयाचे नाही. परिचयासाठी त्यांची गरज आहेच. मात्र आत काय ठेवले, बाहेर काय राहिले आणि ते कोणी ठरविले, याचा लेखी हिशेब प्रत्येक दालनाच्या दाराशी असावा. तो नसेल तर आज लोककथेच्या जागी चित्रपट आला, तसे उद्या साहित्याच्या जागी त्याचे नुसते बोधचिन्ह येईल, आणि ते आपल्या ध्यानातही येणार नाही.